सात उमाळे

लार्कबोर्नला नदी म्हणायचं की ओढा, यावरून आमच्या गावात दोन तट आहेत. मी ओढा म्हणतो, कारण त्याच्यावरचे साकव मी बांधलेत आणि सहा फळ्यांत तो ओलांडता येतो. ईनॉक स्नूक नदी म्हणायचा, आणि त्याच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. चाळीस वर्षं तो आमच्या कुरणांचा पाटकरी होता. ओढ्याच्या वरच्या दारातून पाणी पाटात घ्यायचं, पाटातून वरंब्यांवरच्या चाऱ्यांत, आणि चाऱ्यांवरून गवतावर असं पसरायचं की बोटभरसुद्धा जागा कोरडी राहू नये आणि थेंबभरसुद्धा पाणी थांबू नये. थांबलं की गवत कुजलं. हे काम तो आयुष्यभर गुडघाभर पाण्यात उभा राहून करत आला आणि शेवटी गुडघ्यांनीच दगा दिला. दोन वर्षांपासून त्याला खुर्चीतून उठता येत नव्हतं.

मुलगा ॲमोस आधीच गेलेला, गंजीवरून पडून. मागे राहिली सून केझाया. तिने नवऱ्याचे बूट चढवले, पुढे चिंध्या कोंबल्या आणि फावडं उचललं. गावाने चार दिवस तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मग मार्चमध्ये गवत आलं, मेंढ्यांनी खाल्लं, आणि हसणं बंद झालं. इस्टेटीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला सगळं ठाऊक होतं, पण तो डोळेझाक करायचा.

पंच्याण्णव सालच्या जानेवारीत नवा कारभारी आला. थ्रिंगसाहेब. माणूस हुशार, हिशेबी आणि पूर्वेकडच्या चिकणमातीच्या मुलखातला. तिकडे थंडीत शेतात पाणी सोडलं तर सकाळी शेताची घसरगुंडी होते. तेव्हा तो चुकीचा नव्हता. चुकीच्या गावात येऊन बरोबर होता, एवढंच.

महिन्याच्या शेवटी हाडं फोडणारी थंडी पडली. मेंढ्यांना घालायचे सलगम जमिनीतच गोठून दगड झाले. त्या सकाळी मी वरच्या दाराची एक फळी बदलत होतो आणि केझाया दुसरी उचलून पाणी सोडत होती. शेजारी मेंढपाळ ईलाय स्कॅमेल काठीवर हनुवटी टेकून उभा होता. थ्रिंग घोड्यावरून आला.

"बंद कर ते."

"साहेब, हे पाणी उबदार आहे," केझाया म्हणाली. "गवतावरून वाहत राहिलं की दहिवर बसत नाही. थंडी पडली की तर सोडायलाच हवं."

"बर्फ पडतोय आणि तू गवताला आंघोळ घालतेस?"

"हात घालून बघा ना. वाफ दिसतेय की."

थ्रिंगने हातमोज्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि हातमोजा काही काढला नाही. "पाटकरी कोण आहे इथला?"

"सासरे."

"ते खुर्चीत बसून पाणी सोडतात वाटतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सुतार, या दाराला कडी ठोक. कुलूप माझ्याकडचं."

मी ठोकली. पोट मालकाच्या हातात असतं माणसाचं. केझायाला त्याने फळी तिच्याच हाताने खाली करायला लावली. ती करत असताना तो म्हणाला, "ते घर पाटकऱ्याचं आहे. चालत्या-फिरत्या माणसाला लागेल. लेडी डेला रिकामं करा."

लेडी डे म्हणजे पंचवीस मार्च. आमच्याकडे घरं सोडायचा आणि धरायचा दिवस. ईनॉकचा जन्म त्या घरात झालेला, ॲमोसला तिथूनच नेलेलं. सासरा आणि सून यांना दुसरं छप्पर नव्हतं. निराधारगृहाची लाल भिंत होती, सात मैलांवर, आणि तिथे म्हाताऱ्यांना एका बाजूला ठेवतात आणि बायकांना दुसऱ्या.

केझायाने ओले हात मागे पुसले. "आणि लेडी डेला कुरण हिरवं असलं तर?"

"कुलूप लावल्यावर?"

"लावल्यावर."

तो हसला. हसला की बरा दिसायचा, हे कबूल करायला हवं. "मेंढ्या चरण्याइतकं हिरवं असलं, तर मरेपर्यंत राहा. दोघंही. हे दोघे साक्षीला."

"ऐकलं हं साहेब," ईलाय काठीवरची हनुवटी न हलवता म्हणाला. त्याच्या मेंढ्या व्यायला आल्या होत्या आणि सलगमांचे दगड झाले होते. गवताची गरज केझायाइतकीच त्यालाही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या गावाने एक तमाशा पाहिला. केझाया हातगाडी ढकलत होती आणि गाडीत गोधडीत गुंडाळलेला ईनॉक बसला होता, डोक्याला बायकी शाल. चर्चच्या फाटकापाशी बायकांनी कपाळाला हात लावले. दळणवाल्याची बायको ओरडली, "काय गं, बाजारात विकायला नेतेस का म्हाताऱ्याला?"

"तुला परवडायचा नाही," ईनॉक गाडीतूनच म्हणाला.

गाडी माझ्या साकवापाशी थांबली. साकवाच्या ओकच्या खांबावर एक फुली आहे, ईनॉकच्या आजाने कोरलेली. ईनॉकने मान वाकडी करून पाहिलं. पाणी फुलीला टेकलं होतं.

"टेकलं," तो म्हणाला. त्याचा आवाजच बदलला. "पोरी, टेकलं! सात उमाळे फुटणार."

लार्कबोर्न आज वाहतो तिथे मुळात नव्हताच. दोनशे वर्षांपूर्वी माणसांनी फावड्यांनी तो उचलून डोंगराच्या कडेला नेला, म्हणजे पाणी वरून कुरणावर उतरवता येईल. जुनं पात्र कुरणाच्या माथ्यावर लवण, म्हणजे नुसती खोलगट जागा, होऊन राहिलं. पण पाणी आपलं घर विसरत नाही. ज्या वर्षी डोंगराच्या पोटात फार पाणी होतं त्या वर्षी त्या लवणात सात ठिकाणी ते जमीन फोडून वर येतं. वीस-वीस वर्षं येत नाही. मागच्या वेळी आलं ते सत्त्याहत्तरला. पाणी फुलीला टेकलं की आठवड्याच्या आत उमाळे फुटतात, हे ईनॉकच्या आजाने पाहून ठेवलेलं. आणि हे लवण कुलपाच्या दाराच्या वर नव्हतं, खाली होतं. उमाळ्यांचं पाणी थेट पाटात घेता आलं तर दार, कडी, कुलूप सगळं बसा बोंबलत.

फक्त लवणापासून पाटापर्यंतची जुनी चारी बुजली होती. चारशे पावलं.

केझायाने त्याच दिवशी कुदळ घातली. वरची वीतभर माती दगडासारखी गोठलेली, कुदळ तिच्यावरून टणकन उडायची आणि दांड्याची कळ खांद्यात जायची. खालची माती मऊ लागली की फावडं. गवताची ढेकळं नीट कापून कडेला उलटी रचायची, चारीची भिंत म्हणून. तिच्या हातांना भेगा पडल्या, रक्त दांड्याला चिकटून वाळायचं. दुपारी पाव, डुकराची चरबी आणि कांदा, उभ्याउभ्या. हंसाची चरबी हाताला चोळायची, तीच चरबी बुटांना. ईनॉक गाडीतून शिव्या घालायचा.

"सरळ खणतेयस! सरळ खणायला तू काय रस्ता करतेस? पाण्याला विचार."

ती बादलीभर पाणी ओतायची आणि त्यावर मूठभर कोंडा टाकायची. कोंडा सरकला तर उतार बरोबर. थांबला तर ईनॉक म्हणायचा, "अर्धं बोट," आणि ती तिथलं अर्धं बोट काढायची. पितळी यंत्र लावून जमीन मोजणारे आमच्याकडे येऊन गेलेत, त्यांना अर्धं बोट दिसत नाही.

आठ दिवसांत चारी पाटाला जाऊन भिडली. आणि सात उमाळ्यांच्या लवणात दहिवर पडलेलं गवत होतं, ससे होते, आणि पाण्याचा थेंब नव्हता.

नऊ दिवस झाले. दहा झाले. रविवारी चर्च सुटल्यावर लोक फेरफटका मारत लवण बघायला आले. थ्रिंगही आला. त्याने नव्या चारीवरून नजर फिरवली.

"काम सुबक आहे," तो म्हणाला. "पाणी कुठून आणणार? दहा दिवसांत पाऊस नाही, सगळं गोठलंय. वर पाणी चढेल कसं?"

"डोंगरातून," ईनॉक म्हणाला. "नोव्हेंबरात पाऊस कोसळला होता तो आता पायथ्याशी येतोय. डोंगर पितो साहेब. सावकाश पितो, सावकाश सोडतो."

"डोंगर पितो!" थ्रिंग बायकांकडे बघून म्हणाला, आणि बायका हसल्या. दळणवाल्याच्या बायकोला तर हसू आवरेना. केझायाने गाडीचे दांडे धरले आणि सासऱ्याला घरी नेलं. तिची मान ताठ होती, पण गाडीचं चाक सारखं वाटेच्या कडेला जात होतं.

सोमवारपासून ईनॉक जेवेना. मी गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडला होता. केझाया बाहेर लाकडं फोडत होती.

"बाबा म्हणतात, डोकं गेलं माझं," ती म्हणाली. "फुलीच चुकीची आठवतेय म्हणतात. आजाने वर दाखवली होती की खाली, तेच कळेना झालंय त्यांना. ओबेडकाका, पाय गेले तेव्हा रडले नव्हते ते. आता रडतात."

तिने कुऱ्हाड मारली. लाकूड दुभंगलं नाही. आणि मला त्याच क्षणी माझ्या दुकानातला ओंडका आठवला.

मी घरी गेलो. ज्याच्यावर मी चौदा वर्षं खिळे सरळ करतोय तो ओकचा ओंडका उलटा केला. बुडाशी काळा, कुजका. एक्याऐंशी साली साकवाचा खांब बुडाशी कुजला होता. नवा घालायचा आळस. मी कुजका भाग कापला, खांब पुन्हा त्याच दगडावर उभा केला, साकवाच्या फळ्या खाली घेतल्या, आणि कुणाला काही बोललो नाही. कुणी विचारलंही नाही. खांबावर फुली होती, ती खांबाबरोबर खाली आली, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मी ओंडक्याला फूटपट्टी लावली. नऊ इंच.

वाटेत दोनदा परत फिरलो. शरम मोठी चीज आहे. शेवटी ओंडका काखेत मारून स्नूकांच्या दारात उभा राहिलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

केझायाने ओंडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात कुऱ्हाड होती हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा तर फारच दिसत होतं.

"चौदा वर्षं," ती म्हणाली. "आणि त्या माणसाला दोन दिवस वाटतंय की आपलं डोकं गेलं."

"हो."

"कडीही तुम्हीच ठोकलीत."

"हो गं पोरी."

"आत या. त्यांना स्वतः सांगा. पायताण पुसून या."

ईनॉकने ओंडका दोन्ही हातांत घेतला. काळ्या बुडावर अंगठा फिरवला, वास घेतला, पुन्हा फिरवला. मग हसायला लागला. एवढा हसला की खोकला लागला, केझायाने पाठ चोळली, आणि तरी हसतच राहिला.

"आळशी सुतारा!" तो म्हणाला. "गाढवाच्या! देव तुझं भलं करो! म्हणजे मी शहाणाच आहे?"

"तू शहाणाच आहेस."

"मग मला जेवायला दे, पोरी. आणि या गाढवाला फावडं दे."

त्याच दिवशी मी खांबावर फुलीच्या वर नऊ इंच मोजून दोरी बांधली. पाणी दोरीच्या अडीच इंच खाली होतं. आभाळ कोरडं, जमीन लोखंड, तळ्यावर पोरं घसरत होती, आणि लार्कबोर्न चढत होता. रोज अर्धा इंच. रोज सकाळी अर्धं गाव साकवावर. "वरून काही पडत नाही आणि हा चढतो कसा?" म्हणून जे हसले होते तेच आता एकमेकांना सांगायला लागले, "अहो, डोंगर पितो!" मी दिवसभर चारीत, तळ साफ करत. सुताराच्या हातांनाही फोड येतात, हे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

फेब्रुवारीच्या सतराला सकाळी दोरी भिजली. एकोणीसला, नाश्त्याच्या वेळी, ईलाय डोंगरावरून टोपी हलवत, धावत खाली आला. साठीतला माणूस, मी त्याला कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"लवणातून वाफ येतेय!"

आम्ही गेलो तेव्हा पहिला उमाळा फुटला होता. पांढऱ्या दहिवरात एक हिरवी थाळी, आणि तिच्या मधोमध पाणी वाळू उसळवत वर येत होतं, पातेल्यातल्या भातासारखं रटरटत. इतकं नितळ की पाणी आहे हे वाळूच्या नाचण्यावरूनच कळावं. केझायाने बूट काढले. मोजे काढले आणि त्या थंडीत अनवाणी आत उभी राहिली.

"बाबा, उबदार आहे!"

"असणारच," ईनॉक गाडीतून म्हणाला. "दुसरा विलोच्या झाडाच्या डाव्या हाताला. बघ."

दुसरा दुपारी फुटला. तिसरा, चौथा दुसऱ्या दिवशी. गुरुवारी सातही. लवण भरलं, पाणी चारीच्या तोंडाशी आलं, क्षणभर अडखळलं आणि वळलं. केझाया त्याच्या पुढे पुढे, उलट पावलांनी चालत होती, फावडं हातात, जणू चालायला शिकणाऱ्या लेकराला बोलावतेय. चारशे पावलं. कुठेच थांबलं नाही. पाटात पडलं तेव्हा आवाज झाला, आणि मी, ईलाय, दळणवाला, सगळे ओरडलो. दळणवाल्याच्या बायकोने आपली नवी शाल काढून केझायाच्या पायांना गुंडाळली आणि स्वतःच रडायला लागली.

थ्रिंग आला. कुलूप त्याचं जागेवर होतं, नीट बंद. त्याने वाहत्या पाण्याकडे पाहिलं. "गवत कुजेल," तो म्हणाला, आणि गेला. उमाळ्याला कडी ठोकून दे असं त्याने मला सांगितलं नाही, हे मात्र त्याच्या बाजूने.

पुढचे चार आठवडे केझाया पाण्यातच होती. एका वरंब्यावरून दुसऱ्यावर दारं मोडत, काटक्या काढत, जिथे पाणी सुस्तावलं तिथे एक ढेकूळ उचलत, जिथे धावलं तिथे एक दाबत. ईनॉक पाटाच्या काठाला पालथा झोपून, गाल जमिनीला लावून, पाण्याच्या पाठीवरून पाहायचा. "उजवीकडे कोरडं राहतंय. बोटभर." रात्री थंडीने डोंगर पांढरा व्हायचा, आणि सकाळी मधोमध आमचं कुरण वाफाळत असायचं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या वाफेखाली रंग दिसायला लागला. आधी वाटलं डोळ्यांना भास होतोय. मग ईलाय गुडघ्यावर बसला, दोन बोटांत एक पातं धरलं आणि मला दाखवलं.

वीसला केझायाने गवतावरचं पाणी तोडलं, फक्त पाट वाहता ठेवला, जमीन वाळू दिली. पंचवीसला सकाळी थ्रिंग आला. मागे एक रिकामी गाडी, स्नूकांचं सामान हलवायला, आणि गाडीवर नवा पाटकरी, बायको-पोरांसकट. बिचाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता.

सगळा डोंगर अजून तपकिरी, मेलेला. आणि त्याच्या पायथ्याशी आमचं कुरण घोट्याच्या वर हिरवं. असं हिरवं की नव्या माणसाच्या बायकोने तोंडावर हात ठेवला.

कुणी काही बोलायच्या आत ईलायने फाटक उघडलं. मेंढ्या थांबल्या नाहीत. महिनाभर सुक्या काड्या चघळलेल्या माद्या, मागे काटकुळी कोकरं, एकमेकींच्या अंगावरून आत घुसल्या आणि माना खाली गेल्या. मग काहीच आवाज राहिला नाही, फक्त गवत तुटण्याचा. शेकडो तोंडांचा, एकसारखा. ईलाय फाटकाला टेकून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मीही तसाच, सांगायला लाज कसली.

थ्रिंग घोड्यावरून उतरला. चार पावलं कुरणात गेला. मग त्याने, देवाशप्पथ, हातमोजा काढला, खाली वाकला आणि पाटाच्या पाण्यात हात घातला. बराच वेळ ठेवला.

"उबदार आहे," तो म्हणाला.

"पाण्यात फार वेळ राहू नका साहेब," ईनॉक गाडीतून म्हणाला. "सांधे धरतात."

केझाया पुढे झाली. फाटलेले, काळे, चरबीने चमकणारे हात तिने त्याच्यासमोर धरले. मला वाटलं, हात दाखवतेय. पण तिने उजवा तळवा उघडा केला.

"किल्ली," ती म्हणाली.

त्याने खिसे चाचपले. तीन खिसे. चौथ्यात सापडली. ती तिच्या हातावर ठेवून म्हणाला, "शब्द दिला होता. मरेपर्यंत." मग विचारलं, "वहीत पाटकरी म्हणून कुणाचं नाव घालू?"

"बाबांचं आहे ना."

"माझं खोड," ईनॉक ओरडला. "माझं खोडा आणि हिचं घाला! केझाया स्नूक. नीट अक्षरात घाला, साहेब. मला वाचता येत नाही, पण मी बघणार आहे."

नव्या माणसाला थ्रिंगने डेअरीत लावलं. रिकामी गाडी रिकामीच परत गेली, आणि तिच्या मागे पोरांनी टोप्या उडवल्या.

त्या दुपारी आम्ही साकवापाशी जमलो. ईनॉकचं म्हणणं, फुली आता जागेवर गेली पाहिजे, नाहीतर पुढचा पाटकरी फसेल. मी पटाशी आणि हातोडी घेऊन गेलो होतो, नऊ इंच मोजून पेन्सिलीने खूण केली आणि पटाशी टेकवली. केझायाने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुमच्यावर नाही सोडायची," ती म्हणाली.

ओक कठीण असतो. तिला वेळ लागला. आम्ही सगळे उभे राहिलो, ईनॉक गाडीत, डोक्याला शाल, आणि प्रत्येक ठोक्याला त्याची मान हलत होती. तिने फुली कोरली, आजाच्या फुलीच्या वर नऊ इंच. खाली साल घातलं. मग माझ्याकडे बघून, हसू दाबत, आणखी दोन अक्षरं घातली, के आणि एस.

तेव्हापासून तो खांब तीनदा बुडाशी कुजलाय. भार पेलायला तीनदा मी त्याच्या शेजारी नवा उभा केला. फुलीच्या खांबाला करवत लावलेली नाही.